टायटॅनोसॉरसचं नाव का गेलं: जबलपूरचा मणका आणि डोंगरगावचा सांगाडा

केस थोडक्यात अशी आहे. जबलपूरला सापडलेल्या मोजक्या हाडांवरून १८७७ मध्ये एका लांब मानेच्या डायनासोरला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव मिळालं, त्या नावावरून पुढे टायटॅनोसॉरिडी नावाचं अख्खं कुळ उभं राहिलं, जगभरातल्या १४ प्रजाती कधी ना कधी त्या एका नावाखाली जमा झाल्या, आणि २००३ मध्ये दोन अभ्यासकांनी सगळं तपासून सांगितलं की हे मूळ नावच आता वापरता येणार नाही. त्याच पेपरमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या सांगाड्याला नवीन नाव मिळालं, इसिसॉरस. बातम्यांमध्ये हे सगळं 'भारताच्या पहिल्या डायनासोरचं नाव रद्द' एवढ्यावर आटपतं, आणि मग लोक धरून चालतात की इंग्रजांच्या काळात कुणीतरी ढिसाळपणा केला आणि तो आता निस्तरला. मला हे अजिबात पटत नाही. १८७७ चं काम त्या काळाच्या मानाने ठीकच होतं, घोळ झाला तो नंतरच्या शंभरेक वर्षांत.

सुरुवात होते १८२८ ला. कॅप्टन विल्यम स्लीमन, ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण शाळेत वाचतो तोच, त्याला जबलपूर छावणीतल्या बारा सिमला टेकडीवर दगड झालेली हाडं मिळाली. तेव्हा डायनासोर हा शब्दसुद्धा नव्हता, तो रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये काढला, म्हणजे हाड आधी सापडलं आणि ते कशाचं हे सांगायला लागणारी भाषा १४ वर्षांनी आली. ही हाडं मग हातोहात फिरत राहिली, १८३२ च्या सुमारास कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पोचली (ब्राह्मी लिपी वाचणारा प्रिन्सेप, हो तोच, त्या काळी हे लोक काय काय करायचे बघा), पुढे ह्यू फाल्कनरने त्यांचं वर्णन केलं, आणि शेवटी १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकरने नाव दिलं. नावाच्या मागे ऐवज काय होता तर शेपटीचे दोन मणके आणि मांडीच्या हाडाचा एक तुकडा. त्यातही मांडीचं हाड वेगळ्या वेळी गोळा केलेलं, फक्त जागा तीच. दोन्ही एकाच जनावराचे आहेत याला पुरावा असा काहीच नव्हता.

तरी लायडेकरचं चुकलं असं का म्हणता येत नाही, ते मणका बघितला की कळतं. लांब मानेचे जे डायनासोर तोवर माहीत होते त्यांच्या शेपटीच्या मधल्या मणक्यांची दोन्ही टोकं साधारण सपाट किंवा किंचित खोलगट असायची. जबलपूरच्या मणक्याचं पुढचं टोक वाटीसारखं खोल आणि मागचं टोक चेंडूसारखं फुगीर, म्हणजे एका मणक्याचा गोळा पुढच्याच्या खोबणीत बसणार. असं काही तोवर या गटात कुणी बघितलेलं नव्हतं. तेव्हा त्याने वेगळं नाव दिलं, आणि १८७७ ला उपलब्ध असलेल्या माहितीवर तो निर्णय बरोबरच होता. दोन वर्षांनी, १८७९ ला, त्याने आपल्या चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून दुसरी प्रजाती केली, टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी. इंडिकसचा मणका दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा आणि ब्लॅनफोर्डीचा गोलसर, हा मुख्य फरक. इथे मात्र मला थोडी शंका येते, कारण एकाच जनावराच्या शेपटीत बुडापासून टोकापर्यंत मणक्यांचा आकार बदलत जातो, सुट्या मणक्यांवर प्रजाती करायच्या म्हणजे धोका आलाच.

खरा घोळ इथून पुढे.

१८९३ ला लायडेकरकडेच अर्जेंटिनाची हाडं आली. त्यातही शेपटीचे मणके तसेच, मागे गोळा आणि पुढे वाटी. झालं, त्याने त्यांनाही टायटॅनोसॉरसच म्हटलं, टायटॅनोसॉरस ऑस्ट्रेलिस. १८९६ ला देपेरेने मादागास्करच्या हाडांना टायटॅनोसॉरस मादागास्करिएन्सिस केलं. नोप्चाने १९१५ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातल्या, म्हणजे आताच्या रुमानियातल्या, छोट्या चणीच्या डायनासोरला टायटॅनोसॉरस डॅकस म्हटलं. मग जर्मन फॉन ह्यून आला, त्याने १९२९ ला अर्जेंटिनाच्या साहित्यावर मोठं काम केलं आणि यादी आणखी वाढवली. पुढे लाओससुद्धा यात आलं. मणक्याला गोळा दिसला की टायटॅनोसॉरस, असा शिरस्ताच पडून गेला. शेवटी हिशोब काय झाला तर हा एकच वंश (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) भारत, अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर आणि लाओस एवढ्या ठिकाणी पसरलेला आणि क्रिटेशियस या डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाची तब्बल ६ कोटी वर्षं टिकलेला. कुठल्याही प्राण्याच्या एका वंशासाठी हे पटण्यासारखं आहे का? नाहीच, पण एकेक भर टाकताना एकूण बेरीज कुणी केली नाही.

देपेरेबद्दल एक बाजूची गोष्ट सांगायलाच हवी. त्याने मादागास्करच्या हाडांबरोबर एक चिलखती कातडीची हाडाची ताटली सापडल्याचं लिहिलं होतं आणि ती याच डायनासोरची असावी असं सुचवलं होतं. लांब मानेच्या डायनासोरला चिलखत ही कल्पना लोकांना पचली नाही. १९८० मध्ये बोनापार्ट आणि पॉवेल यांनी अर्जेंटिनातून सॉल्टासॉरस प्रसिद्ध केला आणि त्याच्या अंगावर अशाच हाडाच्या ताटल्या होत्या. म्हणजे ज्या माणसाचं नामकरण पुढे टिकलं नाही त्याचं निरीक्षण मात्र टिकलं.

भारतात परत येऊ. चार्ल्स मॅटलीने बारा सिमल्याला १९१७ च्या सुमारास पुन्हा खोदकाम केलं आणि १९३३ ला ह्यून आणि मॅटली यांचा मोठा ग्रंथ आला. आता ह्यूनच्या डोक्यात अर्जेंटिना ताजा होता, त्यामुळे जबलपूरच्या हाडांना त्याने अर्जेंटिनाचीच नावं लावली, अंटार्क्टोसॉरस काय, लाप्लाटासॉरस काय. याचा परिणाम दूरगामी झाला कारण पुढचे लोक या याद्या वाचून म्हणायला लागले की बघा भारत आणि दक्षिण अमेरिकेत डायनासोरांचे वंशसुद्धा सारखे होते, म्हणजे क्रिटेशियसच्या शेवटापर्यंत दोघांमध्ये जमिनीचा काहीतरी संबंध असणार. आता गोंडवन खंड एकेकाळी एकसंध होता यात वाद नाही, पण ज्यात जबलपूर-चंद्रपूरची ही हाडं मिळतात त्या लामेटा खडकांच्या काळात, म्हणजे साधारण ७ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारत समुद्रात बराच सुटा झालेला होता. नावं सारखी होती कारण नाव देणारा माणूस एकच होता, आणि त्या नावांवरून भूगोलाचा निष्कर्ष काढला जात होता! अंटार्क्टोसॉरस म्हटलेल्या जबलपूरच्या हाडांना १९९५ मध्ये जैनोसॉरस हे वेगळं नाव मिळालं, सोहन लाल जैन यांच्या सन्मानार्थ.

हेच जैन आपल्या केसमधले पुढचे महत्त्वाचे माणूस. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कसे हे विचारू नका, महालनोबिसांनी तिथे भूविज्ञानाला जागा दिली आणि त्यातून बारापासॉरससारखी भारी कामं झाली, एवढं पुरे. १९८४ ते १९८६ दरम्यान संस्थेच्या लोकांना चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडच्या डोंगरगावच्या टेकडीवर एक सांगाडा मिळाला. हे म्हणजे आधीच्या सुट्या मणक्यांसारखं प्रकरण नव्हतं, एकाच जनावराचे मानेचे, पाठीचे, कमरेचे आणि शेपटीचे मणके, बरगड्या, कंबरेची हाडं, खांद्याचं हाड आणि पुढचा डावा पाय, सगळं एकत्र. दंडाचं हाडच १४८ सेंटीमीटर. कवटी नाही आणि मागचे पाय नाहीत, तरीही भारतातल्या टायटॅनोसॉरमध्ये (टायटॅनोसॉरसचा सगळा मोठा गट) याच्या जवळपास जाईल असं दुसरं काही नाही. जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव दिलं टायटॅनोसॉरस कोल्बर्टी, अमेरिकन अभ्यासक एडविन कोल्बर्ट यांच्यावरून. टायटॅनोसॉरस का तर शेपटीचे मणके इंडिकसच्या मणक्यांशी जुळतात म्हणून. शंभर वर्षांची तीच वाट, फक्त या वेळी हातात अख्खं जनावर होतं.

आणि त्यामुळेच प्रश्न उघडा पडला. आता टायटॅनोसॉरस म्हणजे नेमकं काय हे विचारायची वेळ आली.

मिशिगन विद्यापीठाचा जेफ्री विल्सन आणि ब्रिटनचा पॉल अपचर्च यांनी २००३ मध्ये हा प्रश्न लावून धरला. सगळ्या १४ प्रजाती एकेक करून तपासल्या, प्रत्येकीत असं काही आहे का की जे फक्त तिच्यातच दिसतं. निकाल असा की फक्त ५ प्रजाती ओळखता येण्यासारख्या, बाकीच्या नाहीत. आणि मुख्य म्हणजे न ओळखता येणाऱ्यांमध्ये खुद्द इंडिकस. १८७७ मध्ये जो गोळा-वाटीचा मणका जगावेगळा होता तो आता डझनावारी डायनासोरांमध्ये सापडला होता, त्यामुळे तो असला तर जनावर टायटॅनोसॉर गटातलं इतकंच कळतं, त्यातलं कोणतं ते कळत नाही. गावात एकट्या पाटलांकडे बुलेट होती तेव्हा 'बुलेटवाले पाटील' म्हटलं की पत्ता लागायचा, आता प्रत्येक गल्लीत दोन बुलेट आहेत, म्हणून काही तेव्हाचा पत्ता चुकीचा नव्हता. विल्सन आणि अपचर्च यांनीही नेमकं हेच म्हटलंय, की ही वैशिष्ट्यं कालबाह्य झाली, एके काळी ती वेगळेपण दाखवत होती. लायडेकरवर त्यांनीही खापर फोडलेलं नाही.

एका लक्षणावर भिस्त ठेवली की काय होतं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मंगोलियाचं आहे. १९७७ मध्ये, लायडेकरच्या नावाला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, तिथून ओपिस्थोसीलिकॉडिया नावाचा डायनासोर प्रसिद्ध झाला, त्याच्या शेपटीच्या मणक्यांना गोळा पुढे आणि वाटी मागे, अगदी उलटं! जुन्या शिरस्त्याप्रमाणे हा टायटॅनोसॉरच्या आसपासही फिरकायला नको, आणि खरोखरच सुरुवातीला त्याला कॅमारासॉरसच्या कुळात टाकलं होतं. पुढे बाकीचा सांगाडा, पाय, कंबर, खांदा सगळं एकत्र तोलून बघितल्यावर तो टायटॅनोसॉरच निघाला, तोही सॉल्टासॉरसचा जवळचा. दुसऱ्या बाजूला अर्जेंटिनाचा अँडेसॉरस, गटाच्या बुडाशी असलेला, त्याच्या शेपटीच्या मधल्या मणक्यांना हा गोळा धड नाहीच. म्हणजे गटाच्या सुरुवातीला लक्षण अर्धवट, मग पक्कं, आणि एका फांदीवर उलटलेलं. आता वर्गीकरण करताना शेकडो लक्षणांचा तक्ता करतात, प्रत्येक प्राण्यासमोर आहे-नाही भरतात, आणि कमीत कमी बदलांत जुळणारा वंशवृक्ष कॉम्प्युटरवर शोधतात, त्यात शेपटीचा मणका हा शेकड्यातला एक मुद्दा उरतो.

तर २००३ चा निर्णय. टायटॅनोसॉरस हे वंशाचं नाव सोडून द्या. ज्या वंशावरून कुळाचं नाव पडलं तोच ओळखता येत नसेल तर टायटॅनोसॉरिडी हे कुळ, त्याचं उपकुळ आणि महाकुळ हीसुद्धा सोडा. पण टायटॅनोसॉरिया हा मोठा गट राहू द्या, कारण त्याला कुळाच्या नावाचे नियम लागू होत नाहीत आणि त्याची व्याख्या अँडेसॉरस आणि सॉल्टासॉरस यांचा समाईक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज अशी करता येते. टायटॅनोसॉरियाच्या व्याख्येत टायटॅनोसॉरस कुठेच नाही, ऐकायला विचित्र आहे पण काम चोख चालतं. डोंगरगावच्या सांगाड्यात मात्र स्वतःची वेगळी लक्षणं भरपूर होती, आखूड आणि उभी मान, लांब पुढचे पाय, तेव्हा त्याला वेगळा वंश मिळाला, इसिसॉरस कोल्बर्टी, इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. ब्राँटोसॉरसच्या केसशी लोक याची गल्लत करतात म्हणून सांगतो, ब्राँटोसॉरस गेला होता तो अ‍ॅपॅटोसॉरसपासून पुरेसा वेगळा नाही म्हणून, आणि २०१५ मध्ये वेगळेपण दाखवता आलं तेव्हा तो परत आला. टायटॅनोसॉरसच्या मणक्यात वेगळेपण दाखवायला मुळात जागाच नाही.

सगळ्यांना हे मान्य झालं असं नाही. अर्जेंटिनाच्या लिओनार्दो साल्गादो यांनी त्याच वर्षी टायटॅनोसॉरिडी हे नाव सोडायलाच हवं का असा पेपर लिहिला, आणि दक्षिण अमेरिकेतले काही अभ्यासक हे नाव नंतरही वापरत राहिले. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, शंभर वर्षांचं साहित्य त्या नावाने लिहिलेलं आहे आणि मूळ प्रजाती संशयास्पद ठरली म्हणून कुळाचं नाव आपोआप बाद होतंच असं नियम सांगत नाहीत. पण माझं मत विल्सन आणि अपचर्च यांच्याच बाजूने आहे. ज्या कुळाच्या नावाचा खुंटा जिथे ठोकलाय ते जनावर वंशवृक्षावर कुठे बसतं हेच ठाऊक नाही, ते कुळ हवं तसं आवळता-सैलावता येतं, आणि आधीचा घोळ नेमका असाच झाला होता.

मग कुणी म्हणेल की डोंगरगावचा चांगला सांगाडा घ्यायचा, तोच टायटॅनोसॉरस इंडिकसचा नवा नमुना, म्हणजे ज्या हाडांवर नाव टेकलेलं असतं ती हाडं, म्हणून जाहीर करायचा, नावही वाचलं आणि भारताचा मानही राहिला. असं खरंच करता येतं आणि झालेलंही आहे. अमेरिकेतल्या सीलोफायसिसचं असंच होतं, मूळ हाडं तुटपुंजी, तेव्हा घोस्ट रँचचा उत्तम सांगाडा नवा नमुना करावा असा अर्ज गेला आणि १९९६ मध्ये प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने तो मान्य केला. गंमत म्हणजे त्या अर्जामागे कोल्बर्टच होते, ज्यांचं नाव डोंगरगावच्या डायनासोरला आहे! पण ही युक्ती इथे लावणं चुकीचं झालं असतं असं मला वाटतं. जबलपूरच्या त्याच बारा सिमला टेकडीवर जैनोसॉरसची हाडं आहेत. म्हणजे इंडिकसचे ते दोन मणके जैनोसॉरसचे असू शकतात, इसिसॉरसचे असू शकतात, किंवा तिसऱ्याच कुणाचे. डोंगरगावचा सांगाडा तिथे नेऊन बसवला असता तर कदाचित दोन वेगळे प्राणी एका नावात कोंबले गेले असते, आणि तेही शेकडो किलोमीटर लांबच्या जागेवरून.

यात आणखी एक भानगड होती, की २००३ मध्ये हा सगळा वाद चालू असताना इंडिकसची मूळ हाडं कुठे आहेत हेच माहीत नव्हतं, हरवली असं सगळे धरून चालले होते. २५ एप्रिल २०१२ ला कोलकात्याला जिऑलॉजिकल सर्व्हेच्या मुख्यालयात जुन्या संग्रहाची छाननी करताना तो शेपटीचा मणका सापडला, आणि धनंजय मोहबे, सुभाशिस सेन आणि विल्सन यांनी २०१३ मध्ये करंट सायन्समध्ये ते प्रसिद्ध केलं. मणका मिळाला म्हणून नाव परत आलं नाही, येण्यासारखं काही नव्हतंच, पण ज्या हाडापासून भारतातल्या डायनासोरांचा अभ्यास सुरू झाला ते निदान आता हातात आहे.

राहिला नात्यागोत्याचा प्रश्न, आणि इथे केस अजून उघडी आहे. जैनोसॉरसचं त्या मानाने बरं चाललंय, त्याच्या मेंदूच्या कवटीचा भाग मिळालेला आहे आणि मादागास्करच्या वाहिनी नावाच्या टायटॅनोसॉरशी, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचं चांगलं जुळतं. भारत आणि मादागास्कर साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटे झाले, त्यामुळे असं नातं भूगोलाला धरून आहे, ह्यूनच्या अर्जेंटिनाच्या नावांसारखं ओढूनताणून नाही. इसिसॉरस मात्र एका विश्लेषणात एका फांदीवर तर दुसऱ्यात दुसऱ्या फांदीवर जातो. सांगाडा एवढा चांगला असून असं का, तर तुलनेचा प्रश्न आहे. टायटॅनोसॉरच्या वंशवृक्षात कवटीच्या लक्षणांना वजन आहे आणि याला कवटी नाही. डोंगरगावलाच मिळालेल्या एका मेंदूकवटीचं बर्मन आणि जैन यांनी १९८२ मध्ये वर्णन केलं होतं, पण ती या सांगाड्याला जोडलेली नव्हती, त्यामुळे ती याच्या नावावर ठामपणे टाकता येत नाही. ती टाकली की पुन्हा जुनाच खेळ, एकाच जागेचं म्हणून एकाच जनावराचं.

तोच मोह शेणाच्या आणि अंड्यांच्या बाबतीतही आवरावा लागतो. पिसदुऱ्याच्या जीवाश्म शेणात गवताचे सूक्ष्म कण मिळाले, २००५ मध्ये ते सायन्समध्ये आलं आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे त्यातून पक्कं झालं, शेण टायटॅनोसॉरचं असावं असं मानतात, पण कोणत्या टायटॅनोसॉरचं हे शेण सांगत नाही. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांचं आणि २५६ अंड्यांचं काम २०२३ मध्ये आलं, तिथेही अंड्यांना अंड्यांचीच वेगळी नावं आहेत, इसिसॉरस किंवा जैनोसॉरस असं कुणी लिहिलेलं नाही. लामेटाच्या खडकात आता हवं आहे ते एकच, एकाच जनावराची कवटी आणि शेपटी जोडलेल्या अवस्थेत. ती मिळाली तर डोंगरगावची सुटी मेंदूकवटी कुणाची आणि जबलपूरचा मणका कुणाकडे झुकतो हे दोन्ही एकदम तपासता येईल, आणि तशी शक्यता सगळ्यात जास्त वरोरा पट्ट्यात आहे असं माझं मत, कारण जोडलेला सांगाडा देणारी जागा तीच.